देवगडला बसून गेम बनवायचाय, ६० हजारात सेकंडहँड आरटीएक्स लॅपटॉप घेऊ का?

तुझा प्रश्न नीट वाचला. गाव देवगडजवळ, कॉलेज कणकवलीला, आंब्याचे पैसे हातात आले की वडील ६० हजार देणार आहेत आणि तुला रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करतात त्या मासेमारीवर, मराठीतून गेम बनवायचाय. मित्र सांगतायत की सेकंडहँड आरटीएक्सवाला, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, गेमिंग लॅपटॉप घे, युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर, याला इंजिन म्हणतात) शिक, ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते, फुकटातलं काहीतरी, त्यात दम नाही. वडील म्हणतायत गेमवर सरकारने बंदी आणलीय. आणि जाताजाता तू लिहिलंयस की पावसात लाईट सारखी जाते आणि घरातल्या टीव्हीचा बोर्ड विजेने उडालाय. माझ्या दृष्टीने हे जाताजाता लिहिलेलंच जास्त महत्त्वाचं आहे, त्यावर खाली सविस्तर लिहितो.

माझं सांगायचं तर रत्नागिरीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे आणि रात्री छोटे गेम बनवतो, एकदोन प्ले स्टोअरवर आहेत, पण पोट दुकानावर चालतं, गेमवर नाही. त्यामुळे मी काही मोठ्या स्टुडिओतला माणूस नाही, माझी मतं त्या हिशोबाने घे. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, तुला जर दोन वर्षांनी पुण्या-मुंबईच्या एखाद्या स्टुडिओत थ्रीडीची नोकरी हवी असेल तर माझं उत्तर बदलेल, तिथे युनिटी किंवा अनरियल हे दुसरं इंजिन येतं का असंच विचारतात, गोडो हे ओपन सोर्स इंजिन येतं म्हटलं तर बरं म्हणतील आणि पुढचा प्रश्न विचारतील. पण तू लिहिलंयस की मला माझा गेम पूर्ण करायचाय. मग त्याचंच उत्तर देतो.

आधी गेमकडे बघू, मग मशीनकडे. तुझी कल्पना अशी आहे की होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येणार, मग किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढणार, एक बाजू जास्त ओढली गेली तर जाळं तिरकं होऊन मासळी निसटणार, आणि शेवटी वाटे घालायचे. टूडी, वरून बघितल्यासारखं. मला कल्पना फार आवडली, कारण यात बंदूक नाही, झोंबी नाही आणि तरी ताण आहे. आता यात मशीनला जड काय जाणार ते बघ. समज जाळ्यात २०० तारल्या (छोटी मासळी) पोहतायत आणि प्रत्येक तारलीने बाकीच्या सगळ्यांकडे बघून आपली दिशा ठरवायची. झाल्या ४०,००० तपासण्या, एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे २४ लाख. हे सगळं काम प्रोसेसरवर होतं आणि तेही तुझ्या स्क्रिप्टमधून, म्हणजे बहुतेक एकाच कोअरवर. आरटीएक्स कार्ड त्या वेळी शेजारी बसून राहणार. यावर उपाय कार्ड नाही, उपाय म्हणजे पाण्याचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक मासळीने फक्त आपल्या आणि आजूबाजूच्या चौकोनातल्या मासळ्यांकडे बघायचं. तेवढं केलंस की २०० काय, त्याच्या दुप्पट तारल्या साध्या लॅपटॉपवर पोहतील.

दोराचंही तसंच. नवीन पोरं पहिल्यांदा काय करतात तर इंजिनातले फिजिक्सचे जॉइंट एकाला एक जोडत जातात आणि दोर ओढला की तो रबरासारखा ताणला जातो नाहीतर थरथरायला लागतो. मग म्हणतात मशीन कमी पडतंय. मशीन कमी पडत नाहीये. दोर म्हणजे ३०-४० बिंदू धर, प्रत्येक बिंदूची आधीची जागा आणि आत्ताची जागा लक्षात ठेव, त्यावरून पुढची काढ आणि मग शेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर ठरलेलं राहील असं त्यांना पुन्हा पुन्हा जागेवर आण, एका फ्रेममध्ये दहावीस वेळा. याला व्हर्ले पद्धत म्हणतात, शोधलंस तर भरपूर मिळेल. वर एक रेघ काढायची, झाला दोर. हे माझ्या दुकानातल्या जुन्या आय३ वर चालतं.

म्हणून माझं मत असं की तुझे ६० हजार ग्राफिक्स कार्डात घालू नकोस. ते कार्ड तुझ्या मित्रांना खेळायला उपयोगी आहे, तुला बनवायला नाही, निदान पहिली दोनतीन वर्षं तरी नाही. तुला आठवड्यातून चारदा रात्री जीटीए खेळायचं असेल तर तसं वडिलांना सरळ सांगून घे, त्यात गैर काही नाही, पण गेम शिकायचाय म्हणून कार्ड लागतं असं म्हणू नकोस. अनरियलचं मात्र वेगळं आहे, त्याला ते बनवणारी एपिक कंपनीच ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स सुचवतं, ते तुझ्या बजेटमध्ये बसवायला गेलास तर सगळंच अर्धवट येईल.

आता इंजिन. मी गोडो वापरतो आणि तुलाही तेच सांगेन, पण "फुकट आहे म्हणून" हे कारण सगळ्यात शेवटचं. युनिटीसुद्धा शिकणाऱ्याला फुकटच मिळतं. फरक कुठे पडतो ते २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. युनिटीने जाहीर केलं की ठराविक कमाई आणि इन्स्टॉलच्या पुढे गेलं की दर इन्स्टॉलमागे फी घेणार, आणि आधीच बाजारात असलेले गेमसुद्धा त्यात येणार. जगभर बोंब झाली, अटी मऊ केल्या, महिन्याभरात सीईओंनी पद सोडलं आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती फी रद्दच केली. आता तू म्हणशील रद्द केली ना मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम हा की वर्षानुवर्षं खपून बनवलेल्या गेमच्या अटी दुसरा कोणीतरी नंतर बदलू शकतो हे सगळ्यांना कळलं. त्याच वेळी टेरारिया हा गेम बनवणाऱ्या कंपनीने गोडोला आणि एफएनए या दुसऱ्या ओपन सोर्स फ्रेमवर्कला प्रत्येकी एक लाख डॉलर दिले, स्वतः ते गोडो वापरत नसताना. गोडोचं लायसन्स एमआयटीचं आहे, तू आज डाउनलोड केलेली आवृत्ती तुझी ती तुझी, उद्या ते सगळे लोक दुकान बंद करून गेले तरी तुझ्याकडची कॉपी आणि तिचा सोर्स कोणी काढून घेऊ शकत नाही, तुझ्या कमाईतला वाटा मागू शकत नाही.

दम नाही म्हणणाऱ्या मित्राला ब्रोटॅटो हा गेम दाखव, तो गोडोवर बनलाय. बलात्रो माहीतच असेल, ते लव्ह नावाच्या ओपन सोर्स फ्रेमवर्कवर बनलंय, ते तर गोडोपेक्षाही साधं, एडिटरसुद्धा नाही त्याला. दम इंजिनात नसतो रे.

तुझ्या बाबतीत आणखी एक कारण आहे जे इंग्रजी व्हिडिओवाले कोणी सांगणार नाहीत, ते म्हणजे देवनागरी. जुन्या गोडो ३ मध्ये "किनारा" लिहिलं की वेलांटी क च्या नंतर येऊन पडायची, जोडाक्षरं फुटून हलन्तासकट दिसायची, "तांडेल" ठीक पण "रात्र" वाचवत नसे. युनिटीत टेक्स्टमेशप्रो हे अक्षरं दाखवायचं साधन वापरलंस तर तीच रड, लोक प्लगइन लावतात नाहीतर सरळ अक्षरांची चित्रं करून चिकटवतात. गोडो ४, जे मार्च २०२३ ला आलं, त्यात हार्फबझ आतच आहे, अक्षरांची मांडणी तेच करतं, त्यामुळे मराठी जसं लिहिलंस तसं दिसतं. फक्त एक कर, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता नावाचा फॉन्ट प्रोजेक्टमध्ये स्वतः टाक आणि तोच सगळीकडे लाव. नाहीतर काय होतं, तुझ्या लॅपटॉपवर विंडोजचा फॉन्ट घेऊन सगळं छान दिसतं आणि वेबसाठी एक्स्पोर्ट करून मित्राला लिंक पाठवलीस की त्याला नुसते चौकोन दिसतात, कारण ब्राउझरमध्ये सिस्टीमचा फॉन्ट गोडोला मिळत नाही. हा फोन मला बऱ्याच पोरांकडून येतो.

गोडोचे तोटेही ऐक. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर थेट एक्स्पोर्ट नाही, त्यासाठी मधल्या कंपन्या गाठाव्या लागतात, तुझा आत्ता संबंध नाही. युनिटीचं असेट स्टोअर, म्हणजे तयार चित्रं-आवाजांचं दुकान, जेवढं भरलेलं आहे तेवढं इकडे नाही. यूट्यूबवर अर्धे व्हिडिओ गोडो ३ चे आहेत आणि त्यातला कोड ४ मध्ये चालत नाही, नावं बदललीत, त्यामुळे व्हिडिओची तारीख बघून मगच बस. आणि डाउनलोड, एडिटर शंभर एमबीच्या आसपास आहे, मोबाईल डेटावर पण उतरतो, पण तयार गेम फोनसाठी किंवा वेबसाठी काढायला लागणारे एक्स्पोर्ट टेम्प्लेट एक जीबीच्या आसपास जातात, ते कॉलेजच्या वायफायवर उतरवून पेनड्राईव्हमध्ये ठेव.

प्रोजेक्ट सुरू करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) विचारतो तिथे कंपॅटिबिलिटी निवड. बाकीचे दोन व्हल्कनसारख्या नव्या ग्राफिक्स पद्धतींवर चालतात, हा जुन्या ओपनजीएलवर चालतो, जुन्या मशीनवर आणि स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर हाच भरवशाचा. तुझा गेम खेळणार कोण आहे, तुझ्या वाडीतले लोक, त्यांच्याकडे कुठले फोन आहेत ते बघ आणि त्यातला सगळ्यात रडका फोन टेस्टिंगला मागून घे.

ओपन सोर्स गेमबद्दल माझं मत विचारलंयस, तर खेळायला म्हणून मी सगळे सुचवणार नाही. बरेचसे बिनरंगाचे असतात, कोड लिहिणारे खूप आणि चित्र काढणारे कमी, त्यामुळे मेन्यू बघूनच माणूस बंद करतो. सुपरटक्सकार्ट पोरं आवडीने खेळतात, वेस्नॉथ मला स्वतःला फार आवडतं, ओपनटीटीडी लावलं की रात्र जाते. पण शिकायला म्हणून हे सोनं आहे. वेस्नॉथची मोहीम साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेली असते, नोटपॅडमध्ये उघड, कुठल्या चालीला कोण बोलतो, शत्रू कधी येतो सगळं वाचता येतं, एक आकडा बदल आणि पुन्हा खेळून बघ. लुआंटी, ज्याला आधी माइनटेस्ट म्हणायचे, त्यात लुआ भाषेत दहा ओळींचा मॉड (गेममध्ये आपण घातलेली भर) लिहून नवीन ठोकळा बनवता येतो, तू जांभ्या दगडाचा बनव, चिरेबंदी घर उभं कर. असला हात बसतो ना तो कुठल्याही कोर्समध्ये बसत नाही.

फक्त लायसन्समध्ये गडबड करू नकोस. कोडचं वेगळं आणि चित्र-आवाजाचं वेगळं असतं. डूमचा सोर्स आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये खुला केला पण त्यातले राक्षस, नकाशे, आवाज आजही त्यांच्या मालकीचे आहेत, म्हणून तर फ्रीडूम नावाने लोकांनी सगळी चित्रं नव्याने काढली. तू केनी या फुकट चित्रांच्या साइटवरची चित्रं घेतलीस तर ती सीसी-झिरो आहेत, नाव दिलं नाहीस तरी चालतं. ओपनगेमआर्टवर मात्र प्रत्येक फाइलखाली काय लिहिलंय ते वाच, काहींना श्रेय द्यावं लागतं. आणि मागे कोळीगीत लावतो म्हणालास, ते बाजारातलं रेकॉर्डिंग उचलून लावू नकोस. तुमच्याकडच्या रापणकारांचाच ओढताना जो आवाज होतो तो परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड कर, सकाळी वारा नसताना, आणि ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये साफ कर. ते लाखात एक होईल.

आता मशीन. तुझ्यासाठी मी लॅपटॉपच म्हणेन, कारण लाईट. डेस्कटॉप वाढवत नेता येतो, दुरुस्तीला सोपा, एरवी मी तोच सुचवतो, पण तुझ्याकडे डेस्कटॉप म्हणजे यूपीएस आला, त्याची बॅटरी दोनतीन वर्षांत बदलणं आलं आणि रोज तुकड्यातुकड्याने जाणाऱ्या लाईटमध्ये ती भरायलाच वेळ मिळत नाही. कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप बघ, इंटेलच्या अकराव्या पिढीचा आय५, डेल लॅटिट्यूड ५४२० किंवा लेनोवो थिंकपॅड टी१४ सारखा. तुझ्या बजेटच्या आत आरामात बसून वर पैसे उरले पाहिजेत. रॅम १६ जीबी आणि एसएसडी ५१२. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत त्यामुळे "आत्ता ८ घेऊ, नंतर टाकू" हे यावेळी करू नकोस, आधीच १६ भरलेला शोध.

दुकानात गेलास की एक चाचणी कर. डिव्हाइस मॅनेजर उघड आणि डिस्प्ले अडॅप्टर बघ. याच अकराव्या पिढीच्या आय५ मध्ये आयरिस एक्सई ग्राफिक्स असतं, पण रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर तिथे नुसतं यूएचडी ग्राफिक्स असं नाव येतं आणि वेगही पडतो. कारण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुझीच रॅम वापरतं, आणि एका पट्टीवर रस्ता निम्मा होतो. ८ ची एक काढून ८-८ च्या दोन लावल्या की नाव आपोआप बदलतं. लॅटिट्यूड ५४२० ला दोन स्लॉट आहेत, टी१४ ला एक रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि एक स्लॉट, ते विचारून घे. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप सध्या फार स्वस्त दिसतील, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार काहीतरी खटपट करून ११ टाकून देतो आणि तसं सांगत नाही. त्यावर लिनक्स मिंट टाकणार असशील तर मशीन वाईट नाही, गोडो, थ्रीडी मॉडेलचं ब्लेंडर, चित्रं काढायचं क्रिता सगळं चालतं, पण मित्रांबरोबर खेळायचा व्हॅलोरंट लिनक्सवर चालणार नाही, त्याचं अँटीचीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच मागतं.

ब्लेंडरचा विषय निघाला म्हणून, टूडी गेमला ते लागत नाही, होडीचं मॉडेल करून आठ बाजूंनी फोटो काढायचे असतील तरच शिक.

हां, आता तू जाताजाता लिहिलेलं, पाऊस आणि वीज, पण त्याआधी खारी हवा. माझ्या टेबलावर येणारे गेमिंग लॅपटॉप उघडले की आत काय दिसतं सांगतो. दोन मोठे पंखे, ते बाहेरची हवा जोरात ओढतात, आपल्याकडे ती हवा खारी आणि दमट. हीटसिंकच्या पात्यांवर आधी धूळ बसते, ती मीठ आणि ओल धरून ठेवते, मग पांढरट-हिरवट थर धरतो, स्क्रू गंजून डोकी झिजतात, यूएसबीच्या तोंडात हिरवं येतं. समुद्रापासून जितका जवळ तितकं लवकर. तुझं घर खाडीच्या काठाला आहे म्हणजे विचारूच नकोस. बिझनेस लॅपटॉपला एकच छोटा पंखा, तोही बराच वेळ बंद, त्यामुळे तो जास्त टिकतो, हे मी विकायला म्हणून सांगत नाहीये, मी लॅपटॉप विकतच नाही.

पावसात मशीन कपाटात बंद करून ठेवू नकोस. लोक जपायला म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकतात आणि गणपतीला काढतात तेव्हा कीबोर्डवर बुरशी. रोज तासभर तरी चालू कर, स्वतःच्या उष्णतेने आतली ओल निघते. खिडकीजवळ टेबल नको. वर्षातून एकदा, दसऱ्यानंतर हवा सुकली की उघडून साफ करून घे, रॅमच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. यातलं अर्धं तू स्वतः शिकशील.

आणि वीज. टीव्हीचा बोर्ड उडाला तर आधी घराचं अर्थिंग तपास, वायरमनकडून, नुसतं थ्री-पिन सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं होत नाही. आपल्याकडे खाली जांभा, मे महिन्यात जमीन खडखडीत सुकली की अर्थिंगची ताकद जाते आणि नेमके तेव्हाच वळवाचे ढग येतात. खड्ड्यात पाणी घालायला सांगतात ते उगाच नाही. चांगलं सर्ज प्रोटेक्टर घे, पण त्यातला भाग जादा दाब अर्थमध्येच सोडतो, अर्थिंग नसेल तर त्याचा अर्धाअधिक उपयोग गेला. गडगडायला लागलं की चार्जर काढ आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढ, वीज त्या वायरने येऊन राउटर आणि त्याला जोडलेला लॅपटॉप दोन्ही घेऊन जाते. फायबर असेल तर तेवढी एक काळजी कमी. ६० मधले तीनचार हजार अर्थिंग आणि प्रोटेक्टरला बाजूला काढ, हे मी आरटीएक्सच्या आधी धरेन.

कोडचं काय? जून २०२० चं निसर्ग किंवा मे २०२१ चं तौक्ते आठवतंय ना, कितीतरी गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती, चिपळूणला त्याच वर्षी जुलैत पाणी भरलं तेव्हा लोकांचे कॉम्प्युटर गाळात गेले. गिट (कोडच्या आवृत्त्या जपून ठेवायचं साधन) शिक आणि रेंज मिळेल तेव्हा पुश कर, म्हणजे कोड इंटरनेटवर चढवून ठेव. गोडोच्या प्रोजेक्टमध्ये डॉट-गोडो नावाचा फोल्डर असतो तो गिटमधून वगळ, तो पुन्हा आपोआप बनतो, तो काढलास की तुझा अख्खा टूडी प्रोजेक्ट काही एमबीत बसेल आणि फोनच्या हॉटस्पॉटवरून पण जाईल.

म्हणजे आत्तापर्यंत असं झालं, दोन पट्ट्यांवर १६ जीबी असलेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप, अर्थिंग, गोडो ४ कंपॅटिबिलिटीवर, फॉन्ट सोबत, गिट. उरलेल्या पैशात एक जुना मॉनिटर घेतलास तर मान आणि डोळे दुवा देतील.

वडिलांना असं सांग. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे, रमी, फँटसी वगैरे. पैसे न लावता खेळायचा गेम बनवणं, तो विकणं यावर बंदी नाही. पैसे मिळतील का विचारतील, तर पहिल्या गेममध्ये धरून चालू नका म्हणावं. पहिला इच.आयओ या छोट्या गेमच्या साइटवर टाक, काही खर्च नाही. प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर आहेत पण नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं, ते १२ जण आत्तापासून गोळा कर, रापणीवरचेच मिळाले तर उत्तम, चूक कुठे आहे ते तुला तोंडावर सांगतील. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाला दर गेममागे १०० डॉलर, ते नंतर बघू.

लॅपटॉप बघायला जाशील तेव्हा डिस्प्ले अडॅप्टरचा आणि टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानाचा फोटो इथे टाक, "स्लॉट्स यूज्ड" समोर काय लिहिलंय ते दिसलं पाहिजे.